खंदकयुद्ध

खंदकयुद्ध : जमिनीत खणलेल्या चरांच्या आश्रयाने परस्परांसमोर दीर्घकाळ ठाण मांडून बसलेल्या दोन सैन्यांमधील युद्ध. मराठीत खंदक हा शब्द प्रथम दुर्गासंबंधी वापरला गेला. रत्नागिरी जिल्ह्यातील जयगडाच्या जमिनीकडील तटाबाहेर असा खंदक आहे. शत्रूला तटाशी येऊ न देणे एवढेच त्याचे प्रयोजन. त्यात कोणी राहत नसे. आधुनिक खंदकाचे प्रयोजन याच्या उलट आहे. तो अडथळा नसून निवारा आहे, त्यात स्वतःचाच सैनिक उभा राहतो, जेवतो, झोपतो आणि प्रसंगी पुरलाही जातो. अडथळ्याचे काम त्याच्या पुढे पसरलेल्या काटेरी तारा करतात. हा बदल का झाला व नव्या शस्त्रांनी खंदकयुद्धाचे स्वरूप कसकसे पालटत नेले, हा या युद्धप्रकाराच्या अभ्यासाचा गाभा होय.

पूर्वपीठिका : वेढ्याच्या कामी चर खणण्याची विद्या जुनी आहे. फ्रेंच अभियंता व्होबां याने १६७३ मध्ये मास्ट्रिख्टच्या वेढ्यात तटाला समांतर असे चर एकापुढे एक खणून तोफा पुढे सरकविण्याची पद्धत रूढ केली. मोगली सैन्यात मोर्चे, दमदमे, साबात (आच्छादित वाट) व सुरुंग यांचा सर्रास वापर होता. १३ एप्रिल १७०० रोजी साताऱ्याच्या किल्ल्याखाली उडविलेल्या सुरुंगांपैकी एकाचा तट बाहेरच्या अंगाला कोसळला आणि हल्ल्यासाठी जमलेले सु. दोन हजार मोगल सैनिकच त्याखाली गाडले गेले. पानिपतावर १७६० च्या अखेरीस मराठ्यांनी छावणीभोवती खंदक खणून तोफा रचल्या होत्या. त्या खंदकाने अडीच महिने छावणी राखली, पण रसद तुटल्यावर त्याच खंदकाबाहेर पडून लढणे भाग पडले. खणलेली जागा सैन्याला वाचविते, पण त्याला पोसू शकत नाही, हा अनुभव पुढे दीडशे वर्षांनी टायग्रिस नदीच्या काठी मराठी सैनिकांनाच पुन्हा यावयाचा होता.

अमेरिकेच्या यादवी युद्धातील पीटर्झबर्गचा वेढा (१८६४–६५) आणि रशिया-जपान युद्धातील पोर्ट आर्थरचा वेढा (१९०४–०५) यांत आधुनिक खंदकयुद्धाची बहुतेक लक्षणे दिसून आली होती. यूरोपातील सेनापतींनी त्यांची टिपणे घेतली, परंतु त्यांतून धडा मात्र घेतला नाही.

कारणे : १८८० ते १९०० या वीस वर्षांत पायदळाच्या व तोफखान्याच्या शस्त्रांत जो पालट झाला, तसा त्यापूर्वीच्या दोन शतकांत झाला नव्हता. १८८४ मध्ये मॅक्सिमने स्वयंचलित मशिनगन सिद्ध केली. १८८६ मध्ये फ्रेंचांच्या लेबेल बंदुकीबरोबर धूरविरहित दारू आली व गोळी झाडणाऱ्याची जागा धुरावरून ओळखणे अशक्य झाले. १८९७ च्या फ्रेंच ७५ मिमी. तोफेत प्रतिक्षेप (मागे बसणारा धक्का) तेल व हवा यांच्या दाबाने शोषून घेण्याची योजना होती. त्यामुळे तोफेचा गाडा जागचा न हलता मिनिटाला पंधरा-वीस गोळे सुटू लागले. काटेरी तारेचा शोध अमेरिकेत गुरांच्या कुरणांसाठी लागला होता. एकट्या तारेने वा एकट्या मशिनगनने युद्ध थांबले नसते. तारेने माणसाला उघड्यावर खोळंबवून ठेवले आणि मशिनगनने त्या खोळंब्याचा उपयोग केला.

साध्या हिशोबाने हे स्पष्ट होते. दोन खंदकांमधील अंतर १८० मी. धरले आणि पाठीवर ओझे घेतलेला सैनिक खाचखळग्यांतून ते दोन मिनिटांत ओलांडतो असे मानले, तर तेवढ्या वेळात एक मशिनगन सु. हजार गोळ्या झाडते व एक सराईत बंदूकधारी तीस. वाटेत तारेचे जाळे शाबूत असेल तर दोन मिनिटांची दहा होतात. म्हणून १९१४ च्या शरद ऋतूत पश्चिम आघाडीवरील सैन्ये जमिनीत शिरली आणि स्वित्झर्लंडच्या सरहद्दीपासून उत्तर समुद्रापर्यंत खंदकांची अखंड रांग तयार झाली.

रचना : खंदक सामान्यतः दोन मी. खोल असे. पुढच्या अंगाला मातीचा व वाळूच्या पोत्यांचा छातीएवढा बांध, त्याच्या पायथ्याशी उभे राहून गोळी झाडण्यासाठी पायरी आणि मागच्या अंगालाही कमी उंचीचा बांध, अशी त्याची घडण होती. तो सरळ रेषेत कधीच खणीत नसत. ठराविक अंतरावर काटकोनात वळणे दिल्यामुळे आत पडलेल्या गोळ्याचा स्फोट एका खणापुरता मर्यादित राही व आत घुसलेल्या शत्रूला सबंध खंदकावर एका टोकाकडून मारा करता येत नसे. पहिल्या रांगेमागे आधाराची, तिच्यामागे राखीव दलाची अशा तीन रांगा व त्यांना जोडणारे दळणवळणाचे चर असत. जर्मनांनी चुनखडीच्या जमिनीत नऊ-दहा मी. खोलीवर भुयारी निवारे खोदले. इंग्रजांचे निवारे त्या मानाने ओबडधोबड होते. आपण येथे फार काळ राहणार नाही, अशी त्यांच्या सेनापतींची समजूत होती.

शस्त्र आणि उतारा : १९१५ पासून पुढील चार वर्षांचा इतिहास हा खंदक फोडणारे शस्त्र व त्यावरील उतारा यांच्या पाठशिवणीचा आहे. पहिल्या हिवाळ्यात दोस्त सैन्यांजवळ पुरेसे हातगोळेही नव्हते. सैनिक मुरंब्याच्या रिकाम्या डब्यांत स्फोटक व लोखंडाचे तुकडे भरून ते तयार करीत. या कामी भारतीय सेनेतील अभियंता कंपन्यांचा मोठा हात होता. सॅपर्स अँड माइनर्स या नावाचा देशी उच्चार ‘सफरमैना’ असा रूढ झाला होता. मुंबई इलाख्याच्या सफरमैनांचे ठाणे पुण्याजवळ खडकी येथे होते. त्यांच्या २० व २१ क्रमांकांच्या कंपन्यांनी २८ ऑक्टोबर १९१४ रोजी फ्रान्समधील नव्ह शापेल गावावरील हल्ल्यात पायदळाप्रमाणे भाग घेतला व त्यांची जबर हानी झाली. कसबी माणसे संगिनीच्या हल्ल्यात खर्ची घालण्याचा हा प्रकार होता. त्यानंतरच्या खंदकयुद्धात अशा माणसांचीच सर्वांत अधिक उणीव भासली. तारेचे जाळे उडविण्यासाठी वापरली जाणारी स्फोटक नळी (बंगलोर टॉर्पेडो) हीदेखील मद्रास सफरमैनांचे कॅप्टन मॅक्लिंटॉक यांनी १९१२ मध्ये बंगलोर येथे तयार केली होती.

१० मार्च १९१५ रोजी नव्ह शापेलवर पुन्हा हल्ला झाला. विमानांतून घेतलेल्या छायाचित्रांवरून शत्रूच्या खंदकांचे नकाशे तयार करण्यात आले. सु. ३४० तोफांनी ३५ मिनिटे भडिमार केला आणि भारतीय व ब्रिटिश पायदळाने गाव झपाट्याने घेतले. तथापि पुढे सरकण्याचा हुकूम आघाडीपर्यंत पोहोचेना, कारण दूरध्वनीच्या तारा गोळ्यांनी तुटल्या होत्या. तोवर जर्मनांची राखीव दले येऊन ठेपली. तीन दिवसांत भारतीय कोअरचे सु. ४,२०० सैनिक जायबंदी वा ठार झाले. खंदक फोडून आत शिरणे शक्य आहे, पण त्यातून पलीकडे जाणे दुष्कर आहे, हे या लढाईने दाखविले. बचाव करणाऱ्याची कुमक आगगाडीने येते आणि हल्ला करणाऱ्याची, आपल्याच तोफांनी उखणलेल्या चिखलातून पायी.

२२ एप्रिल १९१५ रोजी ईप्र येथे जर्मनांनी सु. १६८ टन क्लोरीन वायू वाऱ्यावर सोडला. चार दिवसांनी तेथेच प्रतिहल्ला करणाऱ्या लाहोर डिव्हिजनच्या सैनिकांना वायूला तोंड द्यावे लागले, तेव्हा त्यांच्याजवळ नाकातोंडावर धरावयाच्या ओल्या फडक्यापलीकडे काही नव्हते. वायू हवेपेक्षा जड असल्याने तो खंदकातच साचे. गोळीपासून वाचविणारी जागाच घातक ठरे. पुढे कोळशाच्या गाळणीचा मुखवटा निघाला व क्लोरीन निष्प्रभ झाला. मग फॉस्जीन आणि जुलै १९१७ मध्ये कातडीला भाजणारा मस्टर्ड वायू वापरात आला. वायूने कोणतीही आघाडी कायमची फुटली नाही, सैनिकाचे जिणे मात्र अधिक असह्य झाले.

खरी संहारक शक्ती तोफखान्याचीच होती. या युद्धात निम्म्याहून अधिक सैनिक तोफगोळ्यांनी जायबंदी वा ठार झाले. तरीही तोफांचे साधे प्रमाण वाढवून प्रश्न सुटला नाही. सॉमच्या लढाईपूर्वी इंग्रजांनी सात दिवस अखंड भडिमार केला. त्यांतील बरेच गोळे श्रापनेल जातीचे होते व त्यांनी तारा नीट तुटल्या नाहीत. खोल निवाऱ्यांतील जर्मन बचावले आणि १ जुलै १९१६ या एका दिवसात ५७,४७० ब्रिटिश सैनिक बळी पडले. त्यांपैकी १९,२४० ठार झाले. १९१७ मध्ये तारेला नुसता स्पर्श होताच फुटणारा संवेदनशील प्रस्फोटक (फ्यूज) आला, तेव्हा कोठे तारा तोडणे सुलभ झाले. शत्रूच्या तोफेचा आवाज निरनिराळ्या ठिकाणच्या ध्वनिग्राहकांवर नोंदवून तिचे स्थान काढण्याची पद्धत लॉरेन्स ब्रॅग या भौतिकीविज्ञाने विकसित केली. तीमुळे आधी चाचणीचे गोळे न टाकता एकदम अचूक मारा करणे शक्य झाले व हरवलेला अनपेक्षितपणा हल्ल्याला परत मिळाला. पायदळापुढे ठराविक वेगाने सरकणारा भडिमार, स्टोक्सची सुटसुटीत उखळी तोफ, एका माणसाला नेता येईल अशी ल्यूइस मशिनगन व मिल्सचा हातगोळा यांनी पायदळाच्या लहान तुकडीलाही स्वतःचा मारा मिळाला.

रणगाडा १५ सप्टेंबर १९१६ रोजी सॉमच्या रणभूमीवर प्रथम उतरला. २० नोव्हेंबर १९१७ रोजी कँब्रे येथे शेकडो रणगाड्यांनी एका दिवसात सहा-सात किमी. मुसंडी मारली, दहा दिवसांनी जर्मनांनी प्रतिहल्ला करून त्यातील बराच मुलूख परत घेतला. ८ ऑगस्ट १९१८ रोजी आम्येंच्या लढाईत चारशेहून अधिक रणगाडे होते, पाचव्या दिवशी लढण्याजोगे अवघे सहा उरले. रणगाड्याने खंदकयुद्ध संपविले, हे पाठ्यपुस्तकांत वारंवार आढळणारे विधान म्हणूनच अर्धसत्य आहे. १९१८ मध्ये तोफखाना, पायदळ, विमाने व रणगाडे यांचा एकत्र वापर करण्याचे तंत्र साधले व त्याच वेळी जर्मनीची माणसे आणि साधने संपत आली होती.

मेसोपोटेमियातील खंदक : महाराष्ट्राचा, विशेषतः कोकणचा, खंदकयुद्धाशी आलेला संबंध फ्रान्सपेक्षा मेसोपोटेमियात (इराक) अधिक आहे. मराठा पलटणींत कोकणी मराठे व देशावरील मराठे अशी भरती होई. रत्नागिरी जिल्हा, ज्यात १९८१ पूर्वी आजचा सिंधुदुर्ग जिल्हाही समाविष्ट होता, हे भरतीचे मोठे क्षेत्र होते. येथील महारांचीही सैनिकी परंपरा जुनी होती. डॉ. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे मंडणगड तालुक्यातील आंबडवे गावचे. १८९० नंतर महारांची भरती बंद झाली व युद्धाची निकड भासल्यावर १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभारण्यात आली. १९२१ मध्ये ती मोडली.

नोव्हेंबर १९१४ मध्ये पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनच्या तुकड्या शत-अल्-अरबच्या मुखाशी फाव येथे उतरू लागल्या. तीत १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. शैबा, कुर्ना, अमारा असे विजय मिळवीत ही सेना बगदादच्या रोखाने निघाली. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफॉनच्या तुर्की खंदकांपुढे तिचे एक तृतीयांशाहून अधिक बळ खर्ची पडले व ती माघार घेऊन कूत-अल्-अमारा येथे आली. टायग्रिसच्या वळणात सापडलेल्या या गावाला तीन बाजूंनी नदी व चौथ्या बाजूस खंदक होते. त्यांच्या पूर्व टोकाला मातीच्या भिंतींचा एक किल्ला होता. २४ डिसेंबर १९१५ रोजी तुर्कांनी त्याच्या भिंती तोफांनी पाडून हल्ला केला. बचावात १०३ वी मराठा पलटण होती. हातगोळे व संगिनी यांनी हातघाईची झुंज होऊन हल्ला परतविण्यात आला. उखळी तोफा नसल्याने वेढ्यातील अभियंत्यांनी विमानाच्या इंजिनाच्या सिलिंडरांपासून त्या तयार केल्या.

कोकणातील जांभ्याच्या जमिनीत खड्डा खणणे कष्टाचे, पण खणलेला टिकतो. कूतची जमीन गाळाची. ती सहज खणली जाई आणि पुराने तितक्याच सहज ढासळे. १९१६ च्या आरंभी नदीला पूर येऊन पुढचे खंदक दोन्ही बाजूंना सोडावे लागले. शिधा घटत गेला. बऱ्याच भारतीय सैनिकांनी घोड्याचे मांस धर्मभावनेने नाकारले व त्यांच्यात स्कर्व्ही रोग बळावला.

कूतच्या सुटकेसाठी आलेल्या सेनेला नदी व दलदल यांच्यामधील चिंचोळ्या पट्टीतील तुर्की खंदकांनी रोखले. २१ जानेवारी १९१६ रोजी हन्ना येथे अवघ्या दहा मिनिटांच्या भडिमारानंतर पायदळाला सपाट, चिखलमय मैदानातून पाठविण्यात आले, सु. २,७०० माणसे गारद झाली. सन्नाय्यत येथे एप्रिलमध्ये तीन हल्ले फसले. जड हॉवित्झर तोफा, तीव्र स्फोटक गोळे, विमाने, नदीतील होड्या व शुश्रूषापथके या सर्वांचीच टंचाई होती. पश्चिम आघाडीवर वर्षभरापूर्वी शिकलेले धडे येथे ठाऊक नव्हते असे नाही. ते अमलात आणण्याची साधने येथवर पोहोचविण्यात आली नव्हती. एप्रिलच्या उत्तरार्धात विमानांतून सात-आठ टन शिधा वेढ्यात टाकण्यात आला. युद्धेतिहासातील हा अशा प्रकारचा पहिला मोठा प्रयत्न होय. तथापि भुकेच्या मानाने तो नगण्य होता. २९ एप्रिल १९१६ रोजी कूत शरण गेले. सैनिक व सेवक मिळून सु. १३,००० लोक कैद झाले. सुटकेच्या प्रयत्नांत त्यांच्याहून अधिक, म्हणजे सु. २३,००० जण बळी पडले होते. कैद्यांपैकी अनेक भारतीयांना रास-अल्-ऐन येथे लोहमार्गाच्या कामावर जुंपण्यात आले व पुष्कळजण परतले नाहीत.

डिसेंबर १९१६ मध्ये जनरल मॉड यांनी पुन्हा मोहीम काढली, तेव्हा भरपूर तोफा, गोळे, विमाने आणि रसदीसाठी अरुंदमापी लोहमार्ग यांची सिद्धता होती. पूर्वी तीनदा न हललेली सन्नाय्यतची फळी फेब्रुवारी १९१७ मध्ये फुटली व ११ मार्च रोजी बगदाद पडले. सैनिकांचे शौर्य दोन्ही वर्षी सारखेच होते. १०५ व ११४ या मराठा पलटणीही या आघाडीवर लढल्या. ११४ व्या पलटणीने ऑक्टोबर १९१८ मध्ये शरकातच्या लढाईत विशेष नाव मिळविले. ११७ व्या पलटणीला पुढे ‘रॉयल’ हा किताब देण्यात आला.

नंतरचा काळ : दुसऱ्या महायुद्धात चिलखती दले व विमाने यांमुळे आघाड्या फिरत्या राहिल्या, तरी खंदक नाहीसे झाले नाहीत. इटलीतील सेन्यो नदीच्या पूरबांधांत जर्मनांनी निवारे व मशिनगनची ठाणी कोरली होती. ९ एप्रिल १९४५ रोजी जड बाँबफेक व ज्वालाक्षेपक यांचा मारा केल्यानंतर त्यांवर हल्ला झाला. मराठा लाइट इन्फंट्रीचे शिपाई नामदेव जाधव यांनी जखमी सहकाऱ्यांना बाहेर काढले व नंतर एकट्याने तीन ठाणी बंद पाडली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. सर्व यंत्रसामग्रीनंतरही शेवटचे काम हातगोळा घेतलेल्या माणसावरच येऊन पडे. इराण-इराक युद्धात (१९८०–८८) खंदक, काटेरी तारा व मस्टर्ड वायू ही सर्व सामग्री फाव व बसरा यांच्या परिसरात, म्हणजे पुणे डिव्हिजन जेथे उतरली त्याच भूमीवर, पुन्हा दिसली. १९९९ च्या कारगिल संघर्षात दगडी मोर्चांवर बोफोर्स तोफांचा थेट मारा व विमानांतून लेसर-मार्गदर्शित बाँब यांचा वापर झाला. २०२२ पासूनच्या रशिया-युक्रेन युद्धात लहान चालकविरहित विमानांनी (ड्रोन) खंदकाचे आकाश उघडे पाडले आहे. वळणे देऊन खणलेल्या खंदकातही वरून नेमका गोळा टाकता येतो. यामुळे खंदकांवर छत व जाळी घालणे आणि लहान तुकड्यांत विखरून राहणे अपरिहार्य झाले.

शालेय अध्यापन : माध्यमिक शाळांत हा विषय बहुधा शस्त्रांच्या यादीच्या रूपाने शिकविला जातो. त्यामुळे युद्ध हे शोधांचे प्रदर्शन असल्याचा ग्रह होतो. प्रत्येक शस्त्र व त्यावरील उतारा यांच्यामध्ये काही आठवड्यांचे वा महिन्यांचे अंतर होते आणि त्या अंतराची किंमत खंदकातील माणसाने मोजली, हे विद्यार्थ्याला कळणे अधिक महत्त्वाचे आहे. शाळेच्या मैदानावर फक्कीने एक सरळ व एक वळणावळणाचा चर आखून दाखविला, तर वळणांचे प्रयोजन चटकन उमगते. मशिनगनचा वर दिलेला हिशोब आठवीचा विद्यार्थी स्वतः करू शकतो. चार महिने पाऊस पाहणाऱ्या रत्नागिरीच्या मुलांना पाण्याने भरलेल्या चराची कल्पना वेगळी करून देण्याची गरज नाही.

स्थानिक साधनेही उपलब्ध आहेत. या गावातून इतके पुरुष १९१४–१९ च्या महायुद्धात गेले व त्यांपैकी इतके कामी आले, असा मजकूर कोरलेल्या शिळा महाराष्ट्रातील अनेक गावांत आहेत. बहुतेकांवर केवळ आकडे असतात. मेसोपोटेमियात मृत्यू पावलेल्या ४०,००० हून अधिक सैनिकांसाठी उभारलेल्या बसरा येथील स्मारकावरही हेच घडले: ब्रिटिश सैनिक व भारतीय अधिकारी यांची नावे कोरली गेली, भारतीय शिपायांची मात्र पलटणवार संख्याच तेवढी देण्यात आली. हे स्मारक १९९७ मध्ये मूळ जागेवरून हलवून नासिरीयाच्या रस्त्यावर नेण्यात आले. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ मध्ये या भेदभावाबद्दल जाहीर क्षमायाचना केली. ज्या गावी शिळा आहे, तेथील शाळेला निवृत्तिवेतनाची जुनी कागदपत्रे, पदके व घराण्यांतील आठवणी यांच्या आधारे त्या आकड्यांमागील नावे लावून पाहता येतात.